शेक घेतलेली जखम

स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी 33 शेक (रेडिएशन) घेतले तेव्हा आवाज वाचला म्हणून घरात सगळे खूश होते. चौदा महिन्यांनी घसा पुन्हा बसला. दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, आणि गाठ त्याच जागी परत आल्याचं कळलं. पुन्हा शेकच द्या, असा मी हट्ट धरला. पण त्या जागेला झेपेल तेवढा डोस आधीच देऊन झाला होता. स्वरयंत्र पूर्ण काढणं एवढाच मार्ग उरला.

आवाजाबद्दल सगळेच विचारतात. मला मात्र जखमेबद्दल लिहायचंय, कारण त्याची मनाची तयारी माझी अजिबात नव्हती.

शेक लागलेल्या भागाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथले टाके भरायला वेळ लागतो. म्हणून सर्जननी छातीचा एक स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वर आणून घशाच्या शिवणीवर पांघरला होता. तरीही नवव्या दिवशी मानेच्या टाक्यांतून लाळ पाझरू लागली. फिस्टुला, म्हणजे घशातून मानेच्या कातडीपर्यंत पडलेली वाट. त्या रात्री मी रडलो, पण हुंदक्याला आवाजच नव्हता. श्वास आता मानेच्या भोकातूनच ये-जा करतो.

मला वाटायचं, चूक माझीच. जोरात खोकलो असेन, नको तेव्हा आवंढा गिळला असेल. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी हे पाटीवर वाचलं आणि हात थांबवून म्हणाल्या, "काका, शेक घेतलेल्यांना हे जास्त होतं. तुम्ही काही केलेलं नाही." हे वाक्य ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं असतं तर!

पाच आठवडे नाकातल्या नळीवर काढले. मध्येच रक्त तपासलं, तर थायरॉइड खूप कमी निघालं. तेही शेकामुळे होतं, आणि त्यानेही जखम रेंगाळते. गोळ्या सुरू झाल्या. तुम्हाला शेक झाले असतील तर ही तपासणी ऑपरेशनच्या आधीच मागून घ्या.

शेवटी औषध गिळवून एक्स-रे काढला. गळती नव्हती. हिने चमच्याने पाणी दिलं. ते घशातून उतरताना मी मानेवर हात धरून बसलो होतो. हात कोरडा राहिला.

बोलण्यासाठी श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये व्हॉल्व्ह (छोटी झडप) बसवायचाय, पण ऊती नीट भरेपर्यंत सर्जन थांबा म्हणतात. तोवर पाटी आहे. हिला माझं अक्षर लागायला लागलंय.