दादासाहेबांच्या आंब्याला

रविवार, १२ ऑक्टोबर

बुधवारी दादासाहेब गायकवाडांची, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या नाशिकमधल्या सहकाऱ्याची जयंती. त्या दिवशी मला सुट्टी नाही आणि असती तरी हारतुऱ्यांच्या गर्दीत जीव घाबरतो. म्हणून आज सकाळीच स्कूटर काढली आणि पप्पांना मागे बसवून दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याला, त्यांच्या जन्मगावी, जाऊन आले. म्हसरूळची गजपंथाची टेकडी मागे पडेपर्यंत पप्पांचं "गतिरोधक आहे, हळू" एवढंच चालू होतं.

नाशिकमध्ये दादासाहेबांचं नाव काढलं की निम्म्या लोकांना मुंबई नाक्याजवळचं सभागृह आठवतं. उरलेल्यांना काळाराम मंदिर. अस्पृश्यांना तिथे प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो सत्याग्रह बाबासाहेबांनी पुकारला खरा, पण बाबासाहेब काही रोज नाशकात नसत. चारही दरवाज्यांवर माणसं बसती ठेवायची, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड खाल्लेल्या पोरांना पुन्हा उभं करायचं, खेड्यापाड्यांतून भाकरी आणि माणसं गोळा करायची, ही सगळी उस्तवार भाऊराव कृष्णाजी गायकवाडांची, म्हणजे दादासाहेबांची. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीसही नव्हतं. १९०२ चा जन्म, याच आंब्यातला.

घर कुठलं, पाटी कुठे, यांचे फोटो काढायला मी गेले नव्हते. मला शिवार बघायचं होतं. पप्पांना हे विचित्र वाटलं. "शिवारात काय बघणार? द्राक्षंच ती," म्हणाले. पारावर दोन म्हातारे बसले होते, त्यांना जयभीम घातला. एकाने जयभीम केला, दुसऱ्याने रामराम. मग दोघांनी मिळून आमची चौकशी केली: कोणाच्या, कुठल्या, काय काम काढलं? दादासाहेबांचं गाव बघायला आलो म्हटल्यावर रामराम करणारे बाबाच उठले आणि बांधापर्यंत सोडायला आले.

यंदा पाऊस जाता जाईना, त्यामुळे द्राक्षांची गोडी छाटणी (फळासाठी करतात ती) मागे-पुढे झालेली. एका बागेत काड्या उघड्याबोडक्या, शेजारच्या बागेत अजून पानं तशीच. छाटणी झालेल्या बागेत टोळी काम करत होती. कात्री मारून झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. बहुतेक बाया, हातात मोजे, चेहरा ओढणीने गुंडाळलेला. सुरगाण्याकडच्या. काम उक्तं घेतलेलं, एकरावर. राहायला बागेच्याच कडेला पत्र्याची पडवी. दिवाळीला घरी जाणार का, असं विचारलं तर एक जण हसून म्हणाली, "छाटणी सोडून कशी जाऊ, ताई?"

दादासाहेब असते तर या बांधावर ते कुणाशी आधी बोलले असते, हे मला तिथे उभं राहून अगदी स्पष्ट दिसत होतं. मंदिराच्या दाराशी ते पाच वर्षं झगडले, पण मंदिर हा त्यांचा शेवटचा मुक्काम कधीच नव्हता. खुद्द बाबासाहेबांनी मार्च १९३४ मध्ये त्यांनाच पत्र लिहून कळवलं होतं की, आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी हा लढा उभारला नव्हता, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून उभारला. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, बाबासाहेबांची येवल्याची घोषणा: हिंदू म्हणून मरणार नाही. उद्या तिला ९० वर्षं होतील. मंदिराचा विषय तिथे मिटला. जमिनीचा मात्र दादासाहेबांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आमच्या घरात दादासाहेब आले ते जमिनीच्याच वाटेने. आजोबा निफाडकडे सालगडी होते. १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मालकाला न सांगता गेले आणि जेलमध्ये बसले. पडीक जमिनी भूमिहीनांना द्या, कसणाऱ्याला जमीन द्या, धान्याचं वाटप नीट करा, बौद्धांना सवलती द्या, अशा मागण्या होत्या. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, ही पण एक. देशभरात लाखोंनी अटक करून घेतली. आजी सांगायची की, आजोबा जेलमधून आले ते अंगाने भरून आले, कारण तिथे दोन वेळचं मिळत होतं. हे सांगताना ती हसायची. आम्ही लहान होतो, आम्हीही हसायचो.

तैलचित्र लागलं १९९० मध्ये. आजोबांना जमीन मिळाली नाही.

पप्पांचं म्हणणं, निदान दादासाहेबांच्या नावाने योजना तरी आहे. आहे ना. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत. आधी निम्मं कर्ज, निम्मं अनुदान होतं, २०१८ पासून पूर्ण अनुदान. पण सरकारने जमीन विकत घ्यायची ती एकरी जिरायतीला ५ लाख आणि बागायतीला ८ लाख या कमाल मर्यादेत. मी हे आकडे बांधावरच्या बाबांना सांगितले. त्यांनी समोरच्या बागेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढ्यात इथं कोण देतं गं? द्राक्षाच्या मांडवाच्या तारा-अँगल येतील तेवढ्यात." ज्या माणसाच्या नावाने योजना, त्याच्याच गावच्या शिवारात तिच्यातून एक बांध निघणार नाही. पप्पा गप्प झाले. मला उगाच जिंकल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याचा रागही आला.

शिवाय ही योजना त्या पेस्ट लावणाऱ्या बायांसाठी नाहीच. त्या आदिवासी. त्यांचा रस्ता वनहक्क कायद्याचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर हक्क मागायचा. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेला शेतकरी-आदिवासींचा लाल मोर्चा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघितला होता, तेव्हा फक्त फुटलेले पाय दिसले होते. त्यातल्या बऱ्याच जणांची मागणी तीच होती, कसतो ती वनजमीन नावावर करा. १९६४ च्या मागणीपत्रातली ओळच जणू. पक्ष वेगळा, झेंडा वेगळा, भूमिहीन तेच. आपल्याकडे निळ्याने (आंबेडकरी) लालाकडे (डावे) आणि लालाने निळ्याकडे संशयाने बघायची जुनी सवय. दादासाहेबांना ती नव्हती, डाव्यांबरोबर मोर्चे काढताना त्यांना संकोच वाटला नाही. त्यांच्यावर आपल्याच चळवळीतल्यांनी टीका केली ती याच्यावरून. शिकलेल्या पुढाऱ्यांना तेव्हा जमिनीचा प्रश्न जरा गावंढळ वाटायचा. अजूनही वाटतो, असं माझं मत आहे.

जेवायच्या सुट्टीत त्या हसऱ्या बाईजवळ बसले. नागलीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. मलाही दिली. तिच्या सासऱ्याच्या नावाने वनजमिनीचा दावा केला होता, कायद्याला लागतो तसा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा, सगळं गाव साक्षीला. मंजूर झाला, पण कसतात त्याच्या पाव हिश्श्याचाच कागद हातात आला. कायद्यात मर्यादा ४ हेक्टरची आहे, हे मी सांगितलं तर तिला ते माहीत होतं. माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होतं. अपिलाला ६० दिवस असतात, हेही. "पण कागद मिळाला तेव्हा आम्ही बागंवर होतो," म्हणाली.

कागदाचा फोटो तिच्या मुलाच्या मोबाइलमध्ये आहे, तो मुलगा गावी. माझा नंबर तिला लिहून दिला, तिच्या मुलाचा मी घेतला. उद्या पप्पांना येवल्याच्या मुक्तिभूमीवर, त्या घोषणेच्या जागी, सोडायचं आहे. मंगळवारी ऑफिसात वकीलसाहेबांना विचारते, मुदत उलटून गेली तरी काही करता येतं का ते.