नवं कोरं इंजिन मळवायचं कशाला?

घरी आलेलं माणूस आधी काचेच्या कपाटातली रेल्वे इंजिनांची छोटी मॉडेलं बघतं, मग माझ्या टेबलावर सुटं पडलेलं इंजिन बघतं आणि विचारतं, ‘‘अगं, कंपनीनं एवढं छान रंगवून दिलंय, त्यावर धूळ-काजळी फासतेस कशाला? आणि तेही एवढे पैसे मोजून?’’ मावशीनं विचारलं, शेजारणीनं विचारलं, परवा कुरिअर घेऊन आलेल्या मुलानंही विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

कंपनीच्या रंगात खोट काहीच नाही. उलट तो मला हवाच असतो. दोन रंगांमधली केसाएवढी सरळ रेघ, बाजूचा पट्टा, जाळीवरची बारीक अक्षरं माझ्या हातून तशी उतरणार नाहीत. म्हणूनच मी सगळा रंग उतरवून पहिल्यापासून रंगवत बसत नाही. पण डब्यातून निघालेलं इंजिन कुठलंच नसतं. ते कुठून आलेलं नसतं, त्यानं काही ओढलेलं नसतं. त्याच नंबरची आणखी कितीतरी इंजिनं तेवढ्याच चकचकीत अंगानं दुसऱ्यांच्या कपाटात उभी असतात.

माझं लहानपण इथल्या रेल्वे लाइन्स भागात गेलं. सोलापूर स्टेशनात थांबलेल्या इंजिनाकडे बघून त्याचा दिवस कसा गेला ते कळायचं. होटगीकडून सिमेंटची मालगाडी घेऊन आलेलं इंजिन पीठ चाळल्यासारखं राखाडी असायचं. उन्हाळ्यात तर खालच्या अंगाला मातीचा असा थर बसायचा, की बोगीचा, म्हणजे चाकं बसवलेल्या सांगाड्याचा, मूळ रंग कुठला ते ओळखू येऊ नये. प्रत्येकावर त्याच्या शेडचं, म्हणजे देखभालीच्या ठाण्याचं नाव, प्रत्येकाचा नंबर वेगळा. मला ते इंजिन हवं असतं. त्या जातीचं एखादं नाही, तेच.

माझं सगळ्यात लाडकं म्हणजे डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन. अमेरिकेच्या आल्को कंपनीचं हे डिझाइन. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली, १९६४ पासून आपल्याकडे वाराणसीच्या कारखान्यात तयार व्हायला लागली. २,६०० अश्वशक्ती, सोळा सिलिंडर, ११२.८ टन वजन. १:८७ या प्रमाणात तेच इंजिन वीस सेंटीमीटरच्या आत बसतं. एक तडजोड मात्र करावी लागते. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिलिमीटरची, म्हणजे या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवी. पण तयार मिळणारा रूळ युरोप-अमेरिकेच्या गेजचा, १६.५ मिलिमीटरचा. त्यामुळे माझी सगळी इंजिनं पायात पाय घालून उभी राहिल्यासारखी दिसतात. ते मी मान्य केलंय.

कामाची सुरुवात नंबरापासून होते. कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायची, जवळजवळ कोरडी करायची आणि छापील नंबरावर हलक्या हातानं गोल फिरवत राहायची. दहा मिनिटं काहीच होत नाही. मग पांढरा अंक कडेनं विरायला लागतो. काडीवर पांढरं येतंय तोवर ठीक. खालचा रंग दिसला की त्या क्षणी हात थांबवायचा. पहिल्या वेळी माझी घाई झाली, मी नेलपॉलिश रिमूव्हर लावलं आणि केबिनची बाजूच मऊ पडली. ॲसिटोन प्लास्टिक खातं, हे मला त्या दिवशी कळलं. ते इंजिन मी टाकलेलं नाही, जपून ठेवलंय.

नवा नंबर आणि देवनागरीत शेडचं नाव लावायचं तर पांढरी अक्षरं लागतात, आणि घरचा किंवा दुकानातला साधा प्रिंटर पांढरा छापत नाही. इथं आपलं सोलापूर कामाला आलं. कापडावर छपाई करणारे एक ओळखीचे आहेत. त्यांनी पाण्यात सोडवून लावायच्या कागदावर पांढऱ्या शाईनं स्क्रीन प्रिंट करून दिलं. त्यांच्याकडचं उरलेलं जाळीचं कापड मी केबिनच्या काचांवरच्या जाळीसाठी वापरते. हाताच्या कड्या आणि ब्रेकच्या नळ्या करायला ३० गेजची तांब्याची तार लागते. ती लूमच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे मिळते. त्यानं आजवर एकदाही पैसे घेतले नाहीत.

अक्षरं लावण्याआधी तेवढ्या जागेला चकचकीत क्लिअर, म्हणजे बिनरंगी वार्निश मारावा लागतो. खरखरीत रंगावर कागद चिकटवला की खाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक दिसते. अक्षरं सुकली की वरून मॅट, म्हणजे चमक मारणारा थर. हा मॅट मी सप्टेंबरात कधीच मारत नाही. पावसाळी दमट हवेत तो पांढरट पडतो आणि आठवड्याची मेहनत धुक्यात जाते. मे महिन्यातली तऱ्हा उलटी: दुपारी मारलेला स्प्रे इंजिनाला लागायच्या आतच हवेत सुकतो आणि अंगावर रव्यासारखा बसतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे पाचला उठून रंगवते.

आता काजळीचं. माझ्या एका जुन्या इंजिनाचं सगळं छत मी एकसारखं काळं केलं होतं. आमच्या गल्लीत एक काका आहेत, निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी ते उचललं, खिडकीपाशी नेलं आणि म्हणाले, ‘‘बाई, धूर असा बसत नसतो.’’ मग त्यांनी समजावलं. नॉच, म्हणजे ताकद वाढवायच्या हँडलचा टप्पा, वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि काळा लोट सुटतो. म्हणजे काजळी दाट असते ती धुराड्याच्या तोंडाशी, आणि तिथून विरत मागे जाते. रेडिएटरच्या पंख्याकडचं छत त्या मानानं धुळीचं. डिझेल टाकीच्या तोंडाखाली ओघळ असतात, आणि तो भाग मॅट करायचा नाही, ओला दिसला पाहिजे. चाकांशी आणि बोगीवर ब्रेकची तांबूस पूड. हे ऐकल्यापासून मी स्प्रे बाजूला ठेवला. पेस्टल खडू ब्लेडनं खरवडते आणि ती पूड मऊ ब्रशानं एकेका जागी बसवते. खडू नव्या पेठेत मिळतात.

सोलापूरच्या रुळांवर आता विजेच्या तारा आल्या, डिझेल इंजिनं कमी दिसतात. गेल्या महिन्यात मी काकांना म्हटलं, तुम्ही शेवटी चालवलेलं इंजिन करते, नंबर सांगा. नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्या इंजिनाची काही खूण होती का, म्हणून विचारलं, तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘डाव्या हाताची खालची पायरी वाकलेली होती. चढताना पाय आपोआप सांभाळून पडायचा.’’

नंबर लागला, काजळी बसली. काल रात्री मी पायरी गरम पाण्यात धरून मऊ केली आणि चिमट्यानं जराशी आत वाकवली. काकांनी अजून बघितलेलं नाही. संध्याकाळी घेऊन जाणार आहे.