'माहिती गोपनीय राहील'

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांचे हक्क जपले जातात का हे तपासणाऱ्या समितीची, सदस्य-सचिव म्हणून मी जे प्रस्ताव पाहते, त्यातले बहुतेक संमतिपत्रावरच अडतात. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावरचा एक पीएचडीचा प्रस्तावही तिथेच अडला, पण त्यातून उठलेला प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

बऱ्याच त्रुटी छाननीतच निघाल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. इथे साक्षीदार म्हणून मुकादम, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणारा. ज्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, अंगावर आहे, त्याच्यासमोर बाई 'नाही' कसं म्हणेल? टोळीपर्यंत पोचायला त्याची परवानगी घ्यावी, पण ती बाईची संमती नव्हे. मुलाखती कोपीत, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, जिथे ताडपत्रीपलीकडे सगळं ऐकू जातं. अर्जात 'गर्भाशय-उच्छेदन' (गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया), बायका म्हणतात 'पिशवी काढली'. संमतिपत्राचा मसुदा दोन-चार बायकांना वाचून दाखवला असता तरी हे कळलं असतं. मार्गदर्शक ही पानं न वाचताच सही करतात, याचा मला फार राग येतो.

बैठकीत कायदेतज्ज्ञ सदस्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं : 'तुम्ही दिलेली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील.' वयोगट होता 15 ते 49. टोळीत 17 वर्षांची गरोदर सून भेटणं नवलाचं नाही. अठराखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हा. तिने वय सांगितलं की त्याचं कलम 19 लागू होतं : ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. संशोधकाला सूट नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. ती बायकोच आहे, हा बचाव 2017च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उरलेला नाही.

म्हणजे ते वाक्य खोटं होतं. खरं लिहिलं तर कुठलीच मुलगी तोंड उघडणार नाही. आणि उघडलं तर नवऱ्यावर गुन्हा, उचल तशीच डोक्यावर. शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 12 ते 18 वयात मुलीचा लेखी होकार आणि पालकांची संमती, दोन्ही हवीत. तिचे आईवडील बहुधा दुसऱ्याच कारखान्यावर.

टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि काम सुरू करून मागाहून मंजुरी मिळत नाही, म्हणून निर्णय त्याच दिवशी हवा होता. वयोगट 18 ते 49 केला. सुरुवातीला फक्त 'अठरा पूर्ण आहेत का' एवढंच विचारायचं. 'नाही' आलं तर पुढे काहीच नाही. 'लग्न कितव्या वर्षी झालं' हा प्रश्न वगळला. साक्षीदार म्हणून मुकादमाऐवजी टोळीबाहेरची, गावातली शिक्षिका.

नियमाने सगळं बरोबर झालं. पण लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणं आणि तिशीच्या आत पिशवी काढणं, हाच तर त्या अभ्यासाचा गाभा. ते जिथून सुरू होतं, ते वय आम्हीच खोडलं. विद्यार्थिनीने काही न बोलता दुरुस्त्या लिहून घेतल्या.

बाहेरच्या तज्ज्ञाला मताचा अधिकार न देता बैठकीला बोलावता येतं. पुढच्या बैठकीला बालकल्याण समितीवर काम केलेल्या कुणाला तरी बोलावणार आहे. विषय एकच : 17 वर्षांच्या मुलीला खरं सांगूनही तिच्याशी बोलता येईल, असं संमतिपत्र लिहिता येतं का.