गवळ्याचं पोर आणि पावडरीचं दूध

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या सरकारी मराठी शाळेत सकाळची पहिली गडबड दुधाची असते. शाळेतल्या मुलांना दूध देणारी कर्नाटक सरकारची क्षीरभाग्य योजना १ ऑगस्ट २०१३ पासून सुरू आहे. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस दूध मिळायचं, पुढे पाच दिवस मिळू लागलं. एका मुलामागे १८ ग्रॅम पावडर, तिचं १५० मिली दूध. पावडर आधी कोमट पाण्यात कालवून घ्यावी लागते. घाईघाईत थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात, आणि एखाद्या पोराच्या तोंडात गुठळी आली की ते कितीतरी दिवस ग्लासाला हात लावत नाही.

अशाच एका पावसाळी सकाळी गवळीवाड्यावरचा एक बाप डोक्यावर घोंगडं घेऊन स्वयंपाकखोलीच्या दारात उभा राहिला. पोरगा दुसरीत.

"बाई, आमच्या घरात म्हशी हायत. आमच्या पोराला पावडर पाजू नका."

आवाज चढलेला होता. मी त्याला आत बोलावलं. मावशी पावडर कालवतच होत्या. त्याची नजर पिशवीवर गेली. 'नंदिनी' या कर्नाटकातल्या सहकारी दूधसंघांच्या ब्रँडचं चिन्ह तो रोज डेअरीत बघतो. "हे तर आमच्याच डेअरीचं!" त्याच्यासारख्यांनीच घातलेलं दूध जादा झालं की त्याची पावडर होते आणि तीच शाळांना येते, हे मी त्याला सांगितलं. मुलांना वाढण्याआधी आम्ही चव घेतोच, त्या दिवशी एक घोट त्यालाही दिला. त्याने तो जिभेवर घोळवला. "फॅट बरं हाय. पाणी जरा जास्त झालंय." मावशींना ते झोंबलं. "माप सरकारचं हाय, माझं न्हवं," त्या फटकन म्हणाल्या.

मग मी विचारलं, पोरगा सकाळी काय खाऊन येतो? तो जरा घुटमळला. "कोरा चहा. दूध सगळं डेअरीला जातं. पेंड उधारीवर आणतो, बाई. बिल निघालं की आधी ते फेडायचं."

यावर मी काय उपदेश करणार? त्याचा हिशोब खरा होता. पण रानवाटेने चालत येणाऱ्या त्या पोराच्या पोटात सकाळी पडणारं पहिलं अन्न म्हणजे आमचा हा ग्लास, हेही तितकंच खरं. ही योजना कधीही बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं, ते अशा पोरांकडे बघून. मी एवढंच म्हटलं, "शाळेतलं बंद करू नका. शनिवार-रविवारी इथे दूध नसतं, ते दोन दिवस तेवढे तुम्ही बघा."

"बघतो," म्हणून तो गेला.

सोमवारी पोरगा ग्लास घेऊन रांगेत होता. ओठावर पांढरी मिशी उमटेपर्यंत प्यायला आणि म्हणाला, "बाई, काल चहात दूध होतं."

"चहात नको, नुसतं दे म्हणावं आईला," मी म्हटलं, आणि बापाला परत एकदा बोलवायचं ठरवलं.