उरलेली अर्धी बाटली

नाशिकचा आहे म्हटल्यावर पुण्या-मुंबईची माणसं ठरलेला प्रश्न विचारतात: उघडलेली वाइन किती दिवस टिकते? तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. रेडसुद्धा. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढली की झालं. अशी तीन ते पाच दिवस चांगली राहते. स्पार्कलिंग मात्र एक-दोन दिवसच, तीही घट्ट पकडीचं बूच असेल तर. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून बुडबुडे राहत नाहीत. अर्धी उरली असेल तर 375 मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरा. वाइन बिघडवते ती बाटलीतली हवा. ऑक्सिजन मिळाला की जिवाणू अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगर. उष्म्यात हे फार लवकर होतं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दिंडोरीला आमची दीड एकर शिराझ, म्हणजे वाइनची द्राक्षं, होती, माल करारानं वायनरीला जायचा. अप्पांनी खायच्या द्राक्षांची थॉमसन काढून शिराझ लावली, डावणी रोगाच्या धास्तीनं रात्री-अपरात्री फवारण्या केल्या, पण वाइन कधी ओठाला लावली नाही. घरात बाटली आलेलीही त्यांना खपायची नाही. एका एप्रिलमध्ये जेवण झाल्यावर स्वतःच म्हणाले, "दाखव रे, आपल्या मालाचं काय करतात ते."

आमच्या द्राक्षांची एकच बाटली घरात होती. आठ दिवसांपूर्वी मित्रांबरोबर उघडलेली, अर्धी उरलेली, ओट्यावर शेगडीशेजारी ठेवलेली. वाइन जुनी तेवढी चांगली, एवढंच माझं ज्ञान. ते बंद बाटलीबद्दल म्हणतात, आणि तेही सगळ्याच वाइनला लागू नाही, हे कुठे माहीत होतं? मी स्टीलच्या पेल्यात ओतून दिली.

अप्पांनी घोट तोंडात धरला. थुंकला नाही, गिळला. मग म्हणाले, "आंबलंय हे. आपल्या मालातच खोट होती का रे?"

मी म्हणालो, "वाइन अशीच लागते, अप्पा."

त्यांनी पेला मोरीत विसळून पालथा ठेवला. पुन्हा कधी मागितली नाही. आता ते नाहीत.

मला कुणी शिकवलं होतं का, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलंय. ते खरंही आहे. पण वडिलांना देण्याआधी एक घोट आपण घेऊन बघावा, हे काय शिकवावं लागतं? मग वाटतं, ताजी दिली असती तरी पहिल्या घोटाला त्यांना तुरटच लागली असती. तसं झालं असतं तर निदान मी बोललो ते खरं ठरलं असतं. मग पुन्हा वाटतं, बागेतला मणी नुसता चाखून साखर किती भरली ते सांगणारा माणूस, त्याला ताजी वाइन कळली नसती कशी?

हवा ओढून घेणाऱ्या पंपाबद्दलही विचारता. माझ्याकडे आहे. सगळी हवा त्यानं निघत नाही, म्हणून माझा भरवसा छोट्या बाटलीवर. उघडल्याची तारीख मी पेनानं लेबलवर लिहितो, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणालाही देण्याआधी स्वतः चाखतो.