उलट्या खुर्च्या

रात्री पावणेअकराला हॉटेलात शिरलं की आपलं पहिलं स्वागत वेटर करत नाही, फिनेल करतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही कोल्हापूरहून परत येत होतो. साताऱ्यापर्यंत झकास आलो, मग खंबाटकीच्या बोगद्याअलीकडे अडकलो, खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पुन्हा अडकलो आणि वारज्याला उतरेपर्यंत साडेदहा होऊन गेले. घरी फ्रिजमध्ये अर्धं लिंबू आणि विरजणाची रिकामी वाटी. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "मला काही नको. नुसता दहीभात." माणूस 'काही नको' म्हणून पुढे जे मागतो, ते त्या वेळी गावात कुठेही मिळत नसतं, हा माझा आजवरचा अनुभव.

कोथरूडला आमचं एक ठरलेलं हॉटेल आहे. बाहेर पाटी: सकाळी 7 ते रात्री 11. म्हणजे पंधरा मिनिटं आमच्या हक्काची होती. पण शटर कमरेपर्यंत खाली आलेलं. सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत. नवऱ्याने शटर वर ढकलून धरलं आणि त्याखालून त्या गाभाऱ्यात शिरावं तशा आत शिरल्या. गल्ल्यावरच्या काकांनी आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा नोटा मोजायला घेतल्या. पहिल्यापासून.

आत सगळ्या खुर्च्या टेबलांवर पाय वर करून पडलेल्या. एका पोराने काही न बोलता त्यातल्या तीन उतरवल्या. आम्ही तिघं, खुर्च्या तीन. मी पर्ससाठी चौथीकडे नुसतं बोट केलं, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप पर्स मांडीवर घेतली.

"मसाला डोसा?"

"तवा बंद."

"तंदूर रोटी?"

"तंदूर बंद."

"अरे, मग चालू काय आहे?"

"पुलाव. पावभाजी." थोडं थांबून, "पाव खतम है. भाजी मिलेगी."

खरं तर यातही एक शिस्त असते. आधी तंदूर जातो, कारण दोन रोट्यांसाठी निखारे कोण फुलवत बसणार? मग डोशाचा तवा. ते जाड लोखंड एकदा घासून थंड केलं की पुन्हा तापायला वेळ लागतो. शेवटपर्यंत टिकतात ते शिजलेल्या भाताचे प्रकार, पाच मिनिटांत परतून ताटलीत पडणारे. म्हणून रात्री उशिरा प्रत्येक हॉटेलची खासियत पुलाव असते.

नवऱ्याला हे पटण्यासारखं नव्हतं. तो उठून गल्ल्यावर गेला आणि म्हणाला, "काका, 2017 च्या कायद्याने दुकानं, हॉटेलं 24 तास उघडी ठेवता येतात महाराष्ट्रात."

"येतात ना," काका म्हणाले. "ठेवायलाच पाहिजेत असं लिहिलंय का त्यात?"

नवरा परत येऊन बसला. पुलाव मागवला.

तो खरोखरच पाच मिनिटांत आला. बिल त्याच्याही आधी आलं. अडीच टक्के सीजीएसटी, अडीच टक्के एसजीएसटी, खाली 'पुन्हा या'. दुसरा घास घेतला तेव्हा मागच्या भिंतीवरचे दिवे गेले, चौथ्या घासाला डोक्यावरचा पंखा. मग पोछावाला आला. बोलला काहीच नाही, नुसता आमच्या पायांशी येऊन उभा राहिला. आम्ही तिघांनी पाय वर घेतले. पुण्याच्या एका चांगल्या हॉटेलात, अधांतरी पायांनी, फिनेलच्या घमघमाटात मी वाटाणे वेचून खात होते. बडीशेपेची वाटी तर केव्हाच कपाटात गेली होती.

मला राग आला होता, पण तो नीट उकळेना. त्याचं कारण सांगते. मी बँकेत काउंटरवर बसते. चारला पाच कमी असताना कोणी डीडी काढायला आलं, की माझाही चेहरा त्या पोरासारखाच होतो. 'सिस्टीम स्लो आहे' हे माझं 'तवा बंद'. शिवाय ही पोरं सकाळी शटर वर जायच्या आधीपासून उभी असतात. मी निदान बसलेली तरी असते.

एवढ्यात आतून फोडणीचा वास आला. लसणाची, चरचरीत. किचन बंद होतं ना? बघते तर कोपऱ्यातल्या टेबलावर सगळा स्टाफ जेवायला बसत होता. वाफाळता भात, पातेलंभर डाळ, चिरलेला कांदा आणि स्टीलच्या डब्यात घट्ट दही. आमच्या पुलावापेक्षा त्यांचं जेवण शंभर पटींनी बरं दिसत होतं.

सासूबाईंची नजर अधू आहे, पण दही त्यांना फर्लांगावरून दिसतं. "अगं, आहे की यांच्याकडे दहीभात!"

"आजी, वो मेनू में नहीं है," पोछावाला म्हणाला.

"मेनू कोण मागतंय?"

त्यावर त्याच्याकडेही उत्तर नव्हतं. ज्याने खुर्च्या मोजून दिल्या होत्या तोच पोरगा उठला, ताटलीत भात घेतला, वर दोन डाव दही घातलं, मीठ घातलं आणि आणून सासूबाईंपुढे ठेवला. येताना चौथी खुर्चीही घेऊन आला आणि तिच्यावर बसून त्या कशा खातात ते बघत राहिला. मी गल्ल्याकडे बघत विचारलं, "याचे किती?"

"मशीन बंद केलं," काका मान वर न करता म्हणाले.

घरी जाताना गाडीत आम्ही दोघं त्या हॉटेलच्या नावाने बोटं मोडत होतो. सासूबाई मागून म्हणाल्या, "काहीतरीच तुमचं. फार चांगली माणसं आहेत. पुढच्या वेळीही उशिराच जाऊ."