मयतांची वही : भांड्यांवरची नावं आणि मानमोडीतली एक घागर

मागची नोंद टाकून आठ महिने झाले. तेव्हा वहीत 318 नावं होती, आज 371 आहेत. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते : औसा तालुक्यातलं आमचं गाव, आणि 1970 च्या आधी तिथं वारलेली जेवढी माणसं कुणाच्या आठवणीत किंवा कशावर तरी कोरलेली उरलीत, तेवढ्यांची ही वही. रेघ 1970 ला ओढली, कारण जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला आणि त्यानंतरची माणसं ग्रामपंचायतीच्या दप्तरात बरीचशी सापडतात. त्याआधीची माणसं म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि तीही तोंडं आता मोजकीच राहिलीत.

त्या 318 मध्ये पुरुष 241 आणि बायका 77. या 77 पैकी स्वतःच्या नावानं नोंदलेल्या फक्त 29. बाकी सगळ्या ‘अमक्याची माय’, ‘तमक्याची थोरली’, ‘खालच्या वाड्यातली’. हा आकडा मला झोपू देईना. गावात निम्म्या तर बायकाच मेल्या असतील ना? मग त्या गेल्या कुठं?

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. घरोघरी जुने कागद आहेत ते जमिनीचे. निजामाच्या काळातले उर्दू, काही मोडीत. खातेदार वारला की वारस लावायचा, म्हणून त्याचं मरण कागदावर येतं. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या मरणाला कागद नाही. म्हणजे बायका नाहीत, लेकरं नाहीत, गावकुसाबाहेरचे जवळजवळ कुणीच नाहीत. दिवाळीनंतर हेळवी, म्हणजे घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणारा, येतो, बैलावर वह्या लादून. त्याच्याकडून आमच्या घराचं पान वाचून घेतलं. सात पिढ्या घडाघडा वाचल्या त्यानं, पण त्यात एकही बाई नाही.

त्यात आमच्याकडं लग्नात नाव बदलायची रीत. एकाच बाईला माहेरचं एक नाव आणि सासरचं एक. सासरची नावंही ठरलेली, घरोघर एक लक्ष्मीबाई आणि एक सरस्वतीबाई. मागच्या नोंदीतली माझी एक चूक यातूनच झाली. 112 आणि 140 या दोन नोंदी मी एकच बाई धरून जोडल्या होत्या. त्या आजेसासू-नातसून निघाल्या, आजेसासूचंच नाव नातसुनेला ठेवायचं असं त्या घरात चालायचं. नोंदी पुन्हा वेगळ्या केल्या आहेत. ज्यांनी माझी यादी उतरवून घेतली असेल त्यांनी कृपा करून दुरुस्त करावी.

यावेळचं बहुतेक काम भांड्यांवर झालं. ही वाट मला एका शेजारणीनं दाखवली. मी तिच्या सासूचं नाव विचारत होते आणि ती म्हणाली, “नाव मला ठावं न्हाई बाई, पण तिची परात हाय की माळ्यावर. तिच्यावर असंल.” परात खाली काढली आणि काठाच्या आतल्या बाजूनं टिंबाटिंबांनी टोचलेली अक्षरं दिसली. चि. सौ. कां., पुढं तिचं नाव, पुढं बापाचं गाव. आंदणातली परात. माळ्यावर पन्नासेक वर्षं पालथी पडली होती.

त्यानंतर मी 43 घरांतली तांब्या-पितळेची भांडी बघितली. घागरी, हंडे, चरव्या, पराती, तांबे, समया. स्वयंपाकघरात शिरायचं काम असल्यानं बाई असण्याचा फायदा झाला, हे खरं. ज्यांना आपल्या गावात हे करायचं असेल त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द.

भांडं घासायला लावू नका. घरातल्या बाया पाहुण्यासमोर काळं भांडं ठेवायला लाजतात आणि लगेच चिंच-मीठ घेऊन बसतात. त्या घासण्यानं जुनी उथळ टिंबं आणखी पुसट होतात. ओल्या फडक्यानं धूळ पुसावी एवढंच. मग खोलीत अंधार करून बॅटरी भांड्याला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात प्रत्येक टिंबाला सावली पडते आणि ओळ उठून येते. तरीही जमलं नाही तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवायची. फोटोत शेजारी पट्टी ठेवा. आणि जे लिहिलंय ते तसंच उतरवा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका. टोचणाऱ्याच्या चुकीवरूनच मला दोन घरांतली भांडी एकाच लग्नातली आहेत हे कळलं, दोन्हींवर गावाचं नाव सारखंच चुकलं होतं.

बहुतेक भांड्यांवर नाव असतं ते देणाऱ्याचं. ‘मामाकडून’, ‘आजोळकडून’. तेही टाकून देऊ नका, कारण मामाचं गाव कळलं की माहेराचा माग लागतो. दुसरी जात आहे ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ची. ऐपतीच्या घरांत तेरवीला किंवा वर्षश्राद्धाला भावकीत तांबे, ताटल्या वाटत. त्यावर बायकांची नावं माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त मिळाली. लेकानं मायेच्या नावानं वाटलेली भांडी. देवळातली घंटा, समया, पायऱ्यांच्या फरशाही सोडू नका. सनाऐवजी शके असेल तर त्यात 78 मिळवायचे.

आता ती घागर.

माझ्या आजोबांची आई मानमोडीत गेली, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. त्या वर्षी पाऊसही गेला होता आणि अंगात त्राण नसलेल्या माणसांवर ही साथ आली. 1911 च्या खानेसुमारीत हैदराबाद संस्थानात सुमारे 1 कोटी 34 लाख माणसं होती, ती 1921 ला 1 कोटी 25 लाखांच्या आसपास आली. वाढायची सोडून घटली. आमच्या गावातल्या गोष्टी या आकड्यांसारख्याच आहेत : एकाची माती करून माणसं परत येईपर्यंत दुसरा गेलेला, तिरडीला बांबू नाहीत, खांदा द्यायला चार धट्टी माणसं नाहीत.

वहीत पणजीची नोंद होती ती अशी : ‘क्र. 17. आजोबांची आई. नाव नाही. मानमोडी. मागं दोन वर्षांचा मुलगा.’

जूनमध्ये भावकीतल्या एका घरात तांब्याची घागर बघितली. गळ्यावर दोन नावं होती. ठसठशीत नाव त्या घरातल्या आजोबांचं, अलीकडचं, यंत्रानं घातलेलं. त्याच्या खाली टिंबांची जुनी ओळ, अर्धी झिजलेली. एका बाईचं नाव आणि निलंग्याकडच्या एका गावाचं नाव. घरातल्या कुणालाच ती बाई माहीत नव्हती. “वाटणीत आलीय ती घागर, थोरल्या घराकडून,” एवढं समजलं. थोरलं घर म्हणजे आमचं.

मग मी चुलत आजीकडं गेले. वय 87. तिची सासू म्हणजे पणजोबांची दुसरी बायको. आजीनं आधी घागरीवर काही सांगितलं नाही, टाकावर सांगितलं. पहिली बायको मेल्यावर दुसरीनं गळ्यात सवतीचा टाक घालायचा, ही रीत तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. चांदीचा एवढासा पत्रा, वर उभी बाई. आजी म्हणाली, “सासूबाई रोज न्हाल्यावर टाक धुवायच्या, कुकू लावायच्या. जेवताना पयला घास त्येला दावायच्या. थोरल्या बाई म्हनायच्या, नाव न्हाई घ्यायच्या. पर लग्नात आल्या तवा त्यांच्याच घागरीनं पानी भरलं म्हनं, निलंग्याकडल्या.”

मी हे लिहून घेतलं तेव्हा हात थरथरत होता. जिला मी नाव नाही म्हणून टाकलं होतं, ती पंचेचाळीस वर्षं सवतीच्या गळ्यात होती. तिच्या लेकराला, म्हणजे माझ्या आजोबांना, त्याच बाईनं वाढवलं.

निलंग्याकडच्या त्या गावी दोनदा जावं लागलं. पहिल्या खेपेला कुणीच ओळख देईना. दुसऱ्यांदा पणजीच्या भावाच्या नातसुनेची गाठ पडली. त्यांच्या घरात ‘औशाकडं दिलेली, साथीत गेली’ अशी एक आत्या होती आणि तिचं नाव घागरीवरचंच होतं. ते नाव इथं लिहीत नाही, तिथल्या घरच्यांची तेवढी इच्छा आहे. वहीत लिहिलं आहे.

तारखेचं एक कोडं मात्र सगळ्यांच्या कामाचं आहे. पणजीच्या शेजारचे एक खातेदार साथीतच गेले, त्यांच्या वारसाच्या उर्दू कागदावर फसली (निजामाच्या राज्यातलं महसुली साल) 1328 आहे. दुसऱ्या एका घरातल्या कागदावर 1327. मी दोन वर्षं यांना दोन वेगळ्या साथी समजत होते. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यानं उघडतं आणि आबाननं संपतं. साथीचा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे फसली साल साथीच्या मधोमध बदललं! आबान 1327 आणि आजूर 1328 यांत फार तर काही आठवड्यांचं अंतर. नुसते 590 मिळवून सन काढू नका, महिना बघा. हे दुरुस्त केल्यावर आमच्या गावातल्या मानमोडीच्या अकरा नोंदी एकाच हंगामात येऊन बसल्या.

आकडे एकदा सांगते. नव्या 53 नावांत बायका 41. एकूण बायका 118 झाल्या, त्यात स्वतःच्या नावानं 64.

लेकरांचं काम अजून जवळजवळ शून्य आहे. ‘आठ झाली, तीन राहिली’ हे प्रत्येक म्हातारी सांगते आणि पाचांबद्दल पुढं बोलत नाही. मीही खोदून विचारत नाही. बारशाआधी गेलेल्यांना नावच नव्हतं, त्यांच्यासाठी आईच्या नोंदीखाली एक-एक रेघ ओढते.

घाई करण्याचं कारण आहे. भांडी मोडीत चालली आहेत. स्टील आल्यापासून पितळ माळ्यावर गेलं, आणि माळ्यावरचं आता लग्नसराईत नि दिवाळीत मोडीला निघतं. बहात्तरच्या दुष्काळातही पुष्कळ गेली. ज्वारीसाठी हंडा विकल्याचं तीन घरांत ऐकलं. 1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या ढिगाऱ्यातून निघालेली भांडी नावं वाचून घरोघर पोचवली, असं आजोळकडचे सांगतात. त्यातल्या काही भांड्यांना न्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. ती अजून नातलगांकडं आहेत. यंदा 30 सप्टेंबरला आजोळच्या जुन्या गावठाणावर माणसं जमतील तेव्हा मी बॅटरी आणि कागद घेऊन जाणार आहे.

ऑगस्टमध्ये एका घरी गेले तर परात आदल्या आठवड्यातच विकलेली. लातूरला मोडीच्या दुकानात जाऊन ढीग उपसला, मिळाली नाही. त्या घरातल्या बाईचं नाव आता कुठून मिळेल ते मला सुचत नाही. नोंद 203. मामाचं गाव अहमदपूरकडचं असावं असं घरचे म्हणतात. त्या बाजूला कुणी काम करत असेल तर कळवावं.

घागर आता आमच्याकडं आहे. मी विकत मागितली तर काका रागावले. “तुझ्या पणजीची घागर तुला इकायची व्हय?” म्हणाले, आणि स्वतः डोक्यावर घेऊन घरापर्यंत आले.